एक मैदान, तीन नावे

डहाणू लोकलने बोईसर-पालघरहून मुंबई सिटी एफसीचा घरचा सामना पाहायला निघालेला प्रेक्षक अंधेरीला उतरतो. क्लबच्या वेळापत्रकात मैदानाचे नाव असते ‘मुंबई फुटबॉल अरीना’. रिक्षावाल्याला मात्र ‘स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ सांगितले की पुरते. अधिकृत नाव तिसरेच आहे : शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल.

वीरा देसाई रस्त्यावरचे हे संकुल 1988 चे. महापालिकेचे बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान ते चालवते. 1 नोव्हेंबर 1996 रोजी येथे मायकल जॅक्सन नाचला, तेव्हा जगाला कळलेले नाव ‘अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ हेच होते.

तिसरे नाव फुटबॉलबरोबर आले. 2014 मध्ये स्थापन झालेला हा क्लब पहिले दोन हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला आणि 2016 मध्ये अंधेरीला आला. त्याच वर्षी 3 सप्टेंबरला भारताने येथे पोर्तो रिकोला 4-1 असे हरवले. मुंबईतला हा 61 वर्षांतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना. आधीचा, सोव्हिएत संघाविरुद्धचा, 1955 मध्ये कूपरेजवर झाला होता. जून 2018 मध्ये सुनील छेत्रीने ‘मैदानात या’ अशी प्रेक्षकांना हाक घातली आणि 4 तारखेला केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा सामना भरगच्च गर्दीपुढे झाला, तोही येथेच. या नोंदींत नाव राहिले ‘अरीना’चे.

‘अरीना’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये वाळू; रोमन रिंगणात पसरलेली. आपल्या आखाड्याला जशी माती, तशी त्यांना वाळू. शब्द परका, कल्पना ओळखीची.

लोकांच्या तोंडी टिकणारे नाव बहुधा जागेचे असते. पिंपे बनवणारे कारागीर गेले, तरी ‘कूपरेज’ राहिले. मडगावच्या स्टेडियमला नेहरूंचे नाव आहे, पण गोंयकार म्हणतो ‘फातोर्डा’.

अंधेरीच्या तीन नावांची कामेही तीन : एक आदर दाखवते, एक सामना विकते, एक वाट सांगते. मात्र विकणाऱ्या नावात एक गोष्ट झाकली जाते. क्लब येथे भाडेकरू आहे. मैदान महापालिकेचे, म्हणजे नागरिकांचे आहे. उद्या क्लब दुसरीकडे गेला, तर ‘अरीना’ त्याच्यामागे पुसट होईल. गवताची निगा आणि पोरांना खेळायला मिळणारी वेळ यांचा जाब तेव्हाही संकुलालाच द्यावा लागेल.