काच, डबा आणि कोंबडी : चिकन कॅसरोलची घडण

चिकन कॅसरोल हा अमेरिकी कुटुंबांचा कामाच्या दिवशीचा रात्रीचा पदार्थ. शिजलेल्या कोंबडीचे तुकडे, भात किंवा नूडल्स, एखादी भाजी आणि दाट पांढरा सॉस खोलगट भांड्यात कालवायचा, वर पावाचा चुरा भुरभुरायचा आणि भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे. वरचा थर खरपूस झाला की तेच भांडे टेबलावर येते. पदार्थ पिढीजात वाटतो. प्रत्यक्षात त्याचे आजचे सोपे रूप विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत घडले, आणि त्यात कारखान्यांचा वाटा मोठा होता.

झाकणाच्या भांड्यात मांस मंद आचेवर शिजवण्याची फ्रेंच रीत जुनी. पण त्यासाठी हाताशी वेळ लागे. अमेरिकेत बदल आला तो आधी भांड्यात. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग येथील काचकारखाना उष्णता सोसणारी काच बनवत असे. तिथले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी १९१३ मध्ये बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजून पाहिला. तो सर्व बाजूंनी सारखा भाजला गेला. १९१५ मध्ये याच काचेची ‘पायरेक्स’ भांडी बाजारात आली.

भांडे मिळाले, तरी खरी मेहनत होती पांढऱ्या सॉसची. मैदा लोण्यात परतायचा, थोडे थोडे दूध घालायचे आणि गुठळी होऊ नये म्हणून ढवळत उभे राहायचे. कॅम्पबेल कंपनीतील रसायनतज्ज्ञ जॉन डोरन्स यांनी १८९७ मध्ये पाणी कमी केलेले घट्ट सूप डब्यात भरले होते. याच कंपनीचे अळंबीचे क्रीम सूप १९३४ मध्ये, ऐन महामंदीत आले. त्यात पाणी न घालता ते तसेच ओतले की सॉस तयार! मिनेसोटात तर चर्चच्या सामुदायिक जेवणांतील ‘हॉटडिश’, म्हणजे तिथले कॅसरोल, या सुपाशिवाय होईना.

कोंबडी मात्र बराच काळ महाग होती. ती पाळायची अंड्यांसाठी. मांस रविवारी किंवा सणाला. डेलावेअरमधील सेसिल स्टील यांनी १९२३ मध्ये ५० पिल्ले मागवली आणि चुकून ५०० आली. ती परत न करता त्यांनी वाढवून मांसासाठी विकली. त्या भागात हा मोठा धंदा झाला. १९४३ मध्ये युद्धामुळे गाय-डुकराच्या मांसावर रेशनिंग आले, कोंबडीवर नाही. पुढे १९४८ मध्ये अधिक मांसल कोंबडी पैदा करण्याच्या देशव्यापी स्पर्धेची अंतिम फेरी झाली. त्यानंतरच्या दशकांत कोंबडी रोजच्या जेवणात आली.

डबाबंद सुपाच्या या स्वयंपाकाला खवय्यांनी नाके मुरडली. ती टीका अन्यायाची आहे, कारण चुलीपुढचा वेळ कोणाचा जात होता हे तिने पाहिले नाही. जाहिरात-लेखिका पेग ब्रॅकन यांनी १९६० च्या ‘द आय हेट टू कुक बुक’मध्ये अशा पाककृती उघडपणे मांडल्या, आणि पुस्तक प्रचंड खपले. १९९० च्या दशकात सुपरमार्केटांतून भाजलेली अख्खी कोंबडी सर्रास मिळू लागली, तेव्हा कोंबडी उकडण्याचे पहिले कामही घरातून गेले.