चेंडूची वाकडी वाट

जळगांव जिल्ह्यांतील धरणगांवीं १८२५ सालीं जेम्स ऑट्रम यानें भिल्ल पलटण उभारली. धुळें आणि जळगांव हे तेव्हां एकाच खानदेश जिल्ह्याचे भाग होते. पिढ्यान्‌पिढ्या तिरकमठा चालविणाऱ्या माणसांच्या हातीं कंपनी सरकारनें बंदूक दिली. तीर कोठें जाईल हें भिल्लाला ठाऊक असे. शेपटाशीं बांधलेलें पीस त्याला सरळ ठेवी. त्या काळच्या पायदळी बंदुकीची नळी मात्र आंतून गुळगुळीत असे. तिच्यांतून सुटलेली गोल गोळी कधीं डावीकडे वळे, कधीं उजवीकडे, आणि बोल लागे तो नेम धरणाराला.

गोळी कां वळते याचा उलगडा मात्र त्यापूर्वीं ऐंशी वर्षें झाला होता. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालीं तोफशास्त्रावर ग्रंथ लिहिला. नळीच्या भिंतीला घासून गोळी गरगर फिरूं लागते, आणि फिरणाऱ्या गोळ्याची जी बाजू पुढें झेपावते तिच्या उलट बाजूकडे तो सरकतो, असें त्याचें मत होतें. तें सिद्ध करण्यासाठीं त्यानें बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वांकवली व समोर पातळ कागदांचे पडदे टांगले. गोळी प्रथम डावीकडे गेली आणि पुढें उजवीकडे वळली! पडद्यांवरील भोंकांनीं तिची सारी वाट लिहून ठेविली. तरीही ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानें हें मानलें नाहीं. गोळीच्या ओबडधोबड आकाराला त्यानें दोष दिला. रॉबिन्स कंपनीचा मुख्य इंजिनिअर होऊन हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळच्या किल्ल्यांत वारला. या परिणामाला आज नांव आहे तें त्याचें नव्हे; शंभर वर्षांनंतर, १८५२ सालीं, त्यावर लिहिणाऱ्या जर्मन मॅग्नसचें आहे.

स्कॉट लोकांचा गोल्फ मुंबईंत १८४२ सालीं आला. सहा वर्षांनीं मलायाकडील झाडांच्या चिकाचा, गटापर्चाचा, चेंडू निघाला. नवा गुळगुळीत चेंडू उडतांच खालीं पडे. खेळून खेळून चरे पडलेला लांब जाई. तेव्हां खेळाडू आपण होऊन हातोडीनें त्यावर खांचा पाडूं लागले. कारण कोणी विचारलें नाहीं. हातांना कळलें, एवढें पुरे झालें.

कारण शोधलें तें एडिंबरोचे प्राध्यापक पीटर टेट यांनीं. त्यांनीं चेंडूला लांब फीत बांधली, तो मातीच्या गोळ्यांत मारविला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. चेंडू मागच्या अंगानें फिरत असेल तर हवाच त्याला उचलून धरते, हें त्यांनीं १८९० नंतरच्या लेखांत दाखविलें. फिरकी म्हणजे दोष, ती टाळावी, असेंच त्यांना जन्मभर शिकविलें गेलें होतें व तेंच ते इतरांनाही सांगत आले होते. आतां समजलें, पण उपयोग करून घ्यावयास वय उरलें नाहीं, अशी कबुली त्यांनीं दिली.

फिरकी आंखून देण्याची कला पुढच्या खेळाडूंनीं मिळविली. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं गोल्फ खेळलेला नसेल. पण गोलंदाजाचा हवेंत वळणारा चेंडू कोणीं पाहिला नाहीं? गोल्फमध्यें उजव्या हाताच्या खेळाडूला चेंडू डावीकडे वळवून खुणेवर आणावयाचा असल्यास काठीचें तोंड खुणेच्या किंचित् उजवीकडे असावें लागतें, आणि काठीची झेप त्याहूनही उजवीकडे. चेंडू निघतो बहुतांशीं तोंडाच्या दिशेनें. वळतो तो तोंड आणि झेप यांतील अंतरामुळें. गंमत अशी कीं, अनेक पुस्तकें वर्षानुवर्षें नेमकें उलट सांगत आलीं. रडारनें चेंडू मोजूं लागल्यावर ती चूक उघडी पडली. ज्यांचे फटके बरोबर वळत होते, तेही पुष्कळदां कारण चुकीचें सांगत असत.

टेट यांचा मुलगा फ्रेडी यानें १८९६ आणि १८९८ सालीं ब्रिटनची हौशी खेळाडूंची अजिंक्यस्पर्धा जिंकली. बापाचें गणित आणि मुलाचा हात एकाच घरांत नांदत होते. फेब्रुवारी १९०० मध्यें बोअर युद्धांत दक्षिण आफ्रिकेंत फ्रेडी गोळी लागून पडला. बाप पुढल्या वर्षींच्या जुलैंत गेला.