कॅसिनी: ८३ मिनिटं मागे
(वेळा भारतीय)

१२ सप्टेंबर २०१७, रात्री १२.३४. शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान शनीच्या टायटन या उपग्रहापासून १,१९,०४९ किलोमीटरवरून गेलं. त्या उपग्रहाच्या ओढीनं यानाचा वेग किंचित घटला. तेवढं पुरे होतं. पुढच्या फेरीत ते शनीच्या ढगांवरून निसटणार नव्हतं.

अपघातांच्या असल्या घटनाक्रमात कुणीतरी कानाआड केलेला इशारा असतो. इथे तो वेळेवर ऐकला गेला, म्हणूनच यान जाणार होतं. २००५ मध्ये त्याच्याच कॅमेऱ्यांनी शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवावरून उडणारे बर्फाचे फवारे टिपले होते. पुढे कळलं, कवचाखाली समुद्र आहे. इंधन संपलेलं यान कधीतरी तिथं आदळलं, तर पृथ्वीवरचे जंतूही पोचायचे. त्यापेक्षा शनीतच घालवू, असं ठरलं.

१५ सप्टेंबर, रात्री १.२९. शनीपासून अंतर ६,३४,००० किलोमीटर. शेवटचं छायाचित्र. शनीची रात्रीची बाजू, कड्यांवरून परतलेल्या उजेडात फिकट दिसणारी. यान शिरणार होतं ती जागा याच चौकटीत होती. तोवर तिथं दिवस उजाडणार होता.

१.५२. चार मीटरचा अँटेना पृथ्वीकडे वळला.

३.१५. साठवलेली छायाचित्रं पृथ्वीवर येऊ लागली.

यापुढे कॅमेरे बंद. थेट प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला २७ किलोबिट; त्यात छायाचित्र मावत नाही. वातावरणातले वायू मोजणाऱ्या उपकरणाला प्राधान्य मिळालं. तेरा वर्षं शनी पाहिला आणि उडी मात्र डोळे मिटून. निर्णय बरोबरच होता, तरी मला तो खुपतो.

दुपारी ४.०१. ढगांच्या सुमारे १,९०० किलोमीटर वर विरळ हवा लागली. वेग ताशी सुमारे १,१३,००० किलोमीटर. अँटेना पृथ्वीवर रोखून धरायला थ्रस्टर दहा टक्के जोर लावत होते.

४.०२. शंभर टक्के. तरी अँटेना ढळला. मग यान तुटलं, जळालं.

४.०३. पॅसाडेनाच्या नियंत्रण कक्षात संदेश ठणठणीत. शनीहून पृथ्वीपर्यंत यायला त्याला ८३ मिनिटं लागत होती. पडद्यावरचं यान अजून वातावरणाबाहेर होतं.

५.२५.३९. एक्स-बँड या रेडिओपट्ट्यातला संदेश गेला. कॅनबेराजवळच्या अँटेनावर एस-बँडवरचा तेवढा उरला.

५.२५.४६. तोही गेला, अंदाजापेक्षा सुमारे अर्धा मिनिट उशिरा. मोहीम व्यवस्थापक अर्ल मेझ यांनी मोहीम संपल्याचं जाहीर केलं.