फेसाळ नाकतोड्याचें नामकरण

दक्षिण आफ्रिकेंतील खडकाळ टेकड्यांवर एक नाकतोडा आढळतो. माणसाची चाहूल लागली तरी तो उडून जात नाहीं, कारण त्याला उडतां येतच नाहीं. त्याचे पंख म्हणजे पाठीवर चिकटलेले दोन आखूड तुकडे. त्यांचा उपयोग कांहीं नाहीं. अंग जाड, चाल संथ, आणि रंग मात्र असे भडक कीं, काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा तो प्राणी दुरूनही नजरेंतून सुटूं नये. ज्याला पळतां येत नाहीं त्यानें निदान लपावें, अशी आपली समजूत. हा लपतही नाहीं. त्याच्या निर्भयपणाचें कारण त्याला डिवचल्यावरच कळतें. पक्ष्यानें चोंच मारली किंवा पोरानें काठी लावली कीं, त्याच्या छातीच्या बाजूंच्या छिद्रांतून हवेबरोबर रस बाहेर येतो आणि पाहतां पाहतां त्याच्या अंगाभोंवती साबणासारखा फेस जमतो. त्या फेसाला दुर्गंधि असते आणि त्यांत विषही असतें. एकदां ती चव घेतलेला पक्षी पुन्हां तसल्या रंगाच्या वाटेस सहसा जात नाहीं.

या प्राण्याचें शास्त्रीय नांव ‘डिक्टिओफोरस स्पुमान्स’ असें आहे. ‘स्पुमान्स’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘फेस काढणारा’. नांव लहानसें आहे, पण त्याच्या मागें मोठा प्रवास आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील पंडित एखाद्या प्राण्याचें नांव म्हणून लॅटिनमधील एक लांबलचक वाक्यच लिहीत. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा प्राध्यापक कार्ल लिनिअस यानें ही अडचण दूर केली. पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा त्या जातीचा, अशी दोन शब्दांची रीति त्यानें आपल्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत सर्व प्राण्यांना लावली. प्राणिशास्त्रांतील नांवांचा हिशेब अद्यापि त्याच वर्षापासून धरतात.

लिनिअस स्वतः आफ्रिकेंत कधींच गेला नाहीं. व्यापारी जहाजांवरून येणाऱ्या पेट्या, श्रीमंतांचे संग्रह आणि शिष्यांचीं पत्रें हेच त्याचे डोळे होते. त्या १७५८ च्या ग्रंथांतच दक्षिण आफ्रिकेंतील एका मोठ्या नाकतोड्याला त्यानें ‘मॉर्बिलोसस’ असें नांव दिलें. हा शब्द गोवर या रोगाच्या नांवावरून आलेला आहे. त्या नाकतोड्याच्या मानेवरील कवचावर तांबडे फोड असतात. गोवर अंगावर फुलावा तसे ते दिसतात. नांव समर्पक आहे, यांत शंका नाहीं. पण फोड हे टाचणीला टोचलेल्या, वाळलेल्या किड्यावरही टिकून राहतात. दूर उप्सालांत बसून मृत शरीरावर जें दिसावें, तेंच या नांवांत आलें आहे.

फेसाची गोष्ट निराळी आहे. मेलेल्या किड्याला फेस येत नाहीं. तेव्हां ‘फेस काढणारा’ हें नांव ज्यानें ठेवलें त्यानें तो प्राणी जिवंत पाहिला असला पाहिजे, किंवा ज्यांनीं पाहिला होता त्यांच्या तोंडून त्याची हकीकत ऐकली असली पाहिजे.

तो नांव ठेवणारा कार्ल पेटर थुन्बर्ग. त्याचा जन्म १७४३ मध्यें स्वीडनमधील यॉन्शॉपिंग येथें झाला. उप्सालांत लिनिअसच्या हाताखालीं वनस्पतिशास्त्र आणि वैद्यक शिकून १७७० मध्यें तो पॅरिसकडे निघाला. वाटेंत अ‍ॅम्स्टरडॅम येथें योहानेस बुर्मान या वनस्पतिशास्त्रज्ञाशीं त्याची ओळख झाली. त्या वेळीं जपानचीं दारें युरोपियनांपैकीं फक्त डच लोकांना उघडीं होतीं. तेथील वनस्पति हव्या असणाऱ्या डच रसिकांनीं या तरुण वैद्याला तिकडे धाडण्याचें ठरविलें. पण तत्पूर्वी त्याला डच भाषा आणि डच वळण अंगीं बाणवणें भाग होतें. यासाठीं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत त्याला आफ्रिकेच्या दक्षिण टोंकावरील केप वसाहतींत पाठविण्यांत आलें. १७७२ च्या एप्रिलमध्यें तो तेथें उतरला आणि १७७५ च्या मार्चमध्यें तेथून पुढें निघाला. म्हणजे जपानला जाण्याची तयारी म्हणून काढलेलीं हीं जवळजवळ तीन वर्षें. पण आफ्रिकेच्या निसर्गाच्या अभ्यासाला तीच मोलाचीं ठरलीं.

या अवधींत थुन्बर्गनें वसाहतीच्या आंतल्या मुलुखांत तीन मोठे प्रवास केले. पहिल्या प्रवासांत कंपनीच्या बागेचा माळी औगे त्याच्याबरोबर होता. पुढच्या दोहोंत लंडनच्या क्यू उद्यानाचा माळी फ्रान्सिस मॅसन होता. बैलांनीं ओढलेली छपराची गाडी, कागदाच्या दाबण्या, टाचण्या आणि औषधांची पेटी एवढा त्यांचा संसार. नद्यांना पूल नव्हते. पहिल्याच प्रवासांत एका रानरेड्यानें त्यांच्यावर हल्ला करून दोन घोडे मारले आणि थुन्बर्गला झाडावर चढून जीव वांचवावा लागला. अशा मुलुखांत वाट दाखवणारे आणि बैल हांकणारे लोक तेथलेच, खोईखोई जमातीचे होते. पाणी कोठें मिळेल, कोणतें मूळ खाण्याजोगें, कोणता प्राणी हातीं धरूं नये, हें ज्ञान त्यांच्याजवळ पिढ्यान् पिढ्यांचें होतें. ज्या टेकड्यांवर त्यांचीं गुरें चरत त्यांवरील हा फेसाळ प्राणी त्यांना ठाऊक नसेल, हें संभवत नाहीं. लॅटिन नांवाला मात्र त्यांच्या भाषेंतील एकही अक्षर चिकटलें नाहीं.

केपहून थुन्बर्ग जावा बेटावरून जपानला गेला, परततांना सिंहलद्वीप पाहिलें आणि १७७९ मध्यें स्वदेशीं पोंचला. तोंवर लिनिअस मरण पावला होता. लिनिअसचा मुलगाही १७८३ मध्यें वारल्यावर पुढच्याच वर्षीं ती प्राध्यापकाची जागा थुन्बर्गकडे आली. आपला संग्रह त्यानें विद्यापीठाला दिला आणि त्याची नोंद करण्याचें काम आयुष्यभर चालविलें. १७८७ मध्यें ‘ग्रिल्लस स्पुमान्स’ हें नांव छापून प्रसिद्ध झालें. त्या काळचीं वर्णनें चार-दोन ओळींचींच असत. रंग, आकार, देश एवढें सांगितलें कीं काम संपलें. तरी त्या एका विशेषणांत केपच्या टेकडीवरचा जिवंत प्राणी येऊन बसला.

पंख नसलेल्या किंवा आखूड पंखांच्या नाकतोड्याचें वर्णन करणें दिसतें तितकें सोपें नाहीं. नाकतोड्याचें पिल्लू अंड्यांतून निघतें तेव्हां तें लहान नाकतोड्यासारखेंच दिसतें. फक्त त्याला पंख नसतात. कात टाकीत टाकीत तें वाढतें, पंखांचे अंकुर फुटतात आणि शेवटच्या कातीनंतर पंख पुरे होतात. मग दूर देशांतून आलेल्या पेटींत बिनपंखी नाकतोडा निघाला, तर तें पिल्लू समजावें कीं वाढ पुरी झालेली स्वतंत्र जात? याची एक सुरेख खूण आहे. पिल्लाच्या शेवटच्या अवस्थांत मागच्या पंखांचे अंकुर पुढच्या पंखांच्या अंकुरांवर चढलेले असतात. प्रौढ झाल्यावर हा क्रम उलटतो आणि पुढचे पंख वर येतात, मग ते कितीही आखूड असोत. जेथें पंखांचा मागमूसही नसतो तेथें प्रजननाच्या अवयवांची पूर्ण वाढ पाहावी लागते. रंगावर विसंबतां येत नाहीं, कारण वाळल्यावर रंग विटतो, आणि एकाच जातींत स्थानपरत्वें रंग निरनिराळा असतो.

लिनिअसच्या काळीं बहुतेक नाकतोडे ‘ग्रिल्लस’ या एकाच घराण्यांत कोंबलेले होते. १८१५ मध्यें सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या ग्रंथमालेंत थुन्बर्गनें या गर्दीतून कांहीं नवीं घराणीं वेगळीं काढलीं. ‘डिक्टिओफोरस’ हें त्यांतलेंच एक. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘जाळें धारण करणारा’ असा होतो. जातीचें घराणें बदललें तरी तिचें स्वतःचें नांव सुटत नाहीं, असा नियम आहे. आणि असा बदल झाला कीं मूळ नांव ठेवणाराचें नांव कंसांत लिहितात. म्हणून आजही या प्राण्याच्या नांवापुढें कंसांत थुन्बर्ग आणि १७८७ हें वर्ष छापलें जातें. तो कंस म्हणजे घर बदलल्याची खूण. पुढें स्पेनमधील इग्नासिओ बोलिव्हार यानें १८८४ मध्यें या प्राण्यांच्या सबंध कुलावर ग्रंथ लिहिला. त्या कुलाला ‘पिर्गोमॉर्फिडी’ म्हणतात, म्हणजे बुरुजाच्या आकाराचें.

या कुलांतील एक भाऊबंद महाराष्ट्रांत पुष्कळांच्या पाहण्यांतला आहे. माळावर, रस्त्याच्या कडेला रुईचीं झाडें असतात. त्यांचीं पानें खाणारा, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा मोठा नाकतोडा तोच. त्याला ‘पोसिलोसेरस पिक्टस’ म्हणतात; ‘पिक्टस’ म्हणजे रंगवलेला. हें नांव १७७५ मध्यें फॅब्रिसिअस यानें ठेवलें, आणि तोही लिनिअसचाच शिष्य. याला पंख पूर्ण असतात, परंतु स्वभाव आफ्रिकेंतील नातलगाचाच: याचें पिल्लू धरलें असतां पाठीवरून रसाची चिळकांडी उडवतें. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर काय होतें, हें खेड्यांतील पोरांना सांगावें लागत नाहीं. याच नाकतोड्याच्या ‘बुफोनिअस’ नांवाच्या एका सख्ख्या भावाचा अभ्यास करून १९६७ मध्यें राइखश्टाइन, मिरियम रॉथशील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखवून दिलें कीं, रुईच्या कुलांतील झाडांमधलें हृदयाला मारक विष हा कीटक पचवून आपल्या शरीरांत सांठवतो आणि तेंच शत्रूवर वापरतो. आफ्रिकेंतील फेसाळ नाकतोडाही असल्याच चिकाळ झाडांवर चरतो. रंगाचा भडकपणा ही त्या विषाची आगाऊ दिलेली सूचना.

पंख नसण्याचा परिणाम मात्र फार दूरवर पोंचतो. ज्याला उडतां येत नाहीं, तो आपल्या डोंगरापुरता राहतो. मधली दरी त्याला समुद्राएवढी. पूर्व आफ्रिकेंतील किलिमांजारो, उसाम्बारा, उलुगुरू अशा डोंगरांवर पंखहीन नाकतोड्यांच्या निरनिराळ्या जाति आहेत आणि एकविसाव्या शतकांतही तेथून नव्या जातींचीं वर्णनें प्रसिद्ध होत आहेत. टोळ एका देशांत अन्न संपलें तर दुसऱ्या देशांत जातो. या बिचाऱ्यांचें जंगल तोडलें तर त्यांना जाण्याला जागा नाहीं. आणि वर्णन होण्यापूर्वींच एखादी जात नष्ट झाली, तर ती होती एवढेंही कोणास कळत नाहीं. चार ओळींचें लॅटिन वर्णन म्हणजे त्या प्राण्याची जगाच्या दप्तरांतली पहिली नोंद असते.

थुन्बर्ग १८२८ मध्यें वारला. त्याचा कीटकसंग्रह उप्साला विद्यापीठानें जपून ठेवला आहे. पेटींतल्या कोरड्या किड्यांना आतां वास नाहीं, त्यांचा रंगही पहिला राहिलेला नाहीं. केपच्या टेकड्यांवर मात्र अजून कोणी पोर काठीनें एखाद्या लठ्ठ, तांबड्या-काळ्या नाकतोड्याला डिवचतें, तो फेस काढतो, आणि पोर हात मागें घेतें. लॅटिन त्या पोराला येत नसेल. पण नांवाचा अर्थ त्याला कळलेला असतो.