सर्वज्ञवाणी आणि आचार्यांचा विनय

जैन परंपरेत आगमाचे प्रामाण्य ईश्वराच्या आज्ञेवर नव्हे, तर केवलज्ञानावर आधारलेले आहे. मात्र ही वाणी आपल्यापर्यंत पोहोचली ती छद्मस्थ आचार्यांच्या स्मरणातून. मग दोन आचार्यवचने परस्परविरुद्ध आढळल्यास काय करावे?

नवव्या शतकात षट्खंडागमावर ‘धवला’ टीका रचताना वीरसेन स्वामींपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहिला. ते स्वतः तर्कनिपुण होते. तरीही निर्णयास आधार नसेल तेथे त्यांनी दोन्ही मते नोंदवून ठेवली व खरे काय ते केवलीच जाणोत, अशी भूमिका घेतली. एक मत गाळले असते, तर पुढील पिढ्यांना मतभेदाचा पत्ताही लागला नसता.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जतन झालेली ही टीका १९३९ पासून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून प्रकाशित होऊ लागली. स्वाध्याय करताना वीरसेन स्वामींचा हा विनय आपणही अंगी बाणवावा.