गरिबाला मदत ही पूजा होते का?



विहारात त्रिसरण-पंचशील झाले, बुद्धवंदना झाली, फुले वाहून मेणबत्ती-अगरबत्ती लावली की आपल्यात पुष्कळदा एक चर्चा निघते. कोणी म्हणते, "हार-फुलांवर खर्च करण्यापेक्षा गरिबाच्या पोराची फी भरा, तीच खरी पूजा." लगेच दुसरे कोणी म्हणते, "मदत तर कोणीही करतो, मग विहारात यायचे कशाला?" दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या खंडाळा तालुक्याच्या इतिहासातच हा प्रश्न एकदा विचारला गेला होता.

सावित्रीमाई फुले आपल्या तालुक्यातल्या नायगावच्या. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले आणि १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शाळेचे काम सुरू झाले. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५६ साली माई आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी माहेरी नायगावला आल्या. तिथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र छापून आलेले आहे. ते प्रत्येक घरात वाचले जावे असे आम्हांला वाटते.

त्या पत्रात भावाशी झालेला वाद आहे. भावाचे म्हणणे असे, की महार-मांगांसाठी काम करून तुम्ही नवरा-बायकोने घराण्याला कलंक लावला, तेव्हा जातीच्या रूढीप्रमाणे आणि भटजी सांगतील तसे वागा. माईंनी शांतपणे पण सडेतोड उत्तर दिले. तुम्ही गाई-बकऱ्यांना कुरवाळता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, मग तुमच्यासारख्याच हाडामांसाच्या माणसाला अस्पृश्य कसे मानता? असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

बघा, भाऊ काही दुष्ट नव्हता. पूजा करणारा, सणवार पाळणारा माणूस होता. पण त्याच्या पूजेत नागाला जागा होती आणि शेजारच्या वाड्यातल्या माणसाला नव्हती. माईंनी बोट ठेवले ते नेमके याच जागेवर. आईला मात्र लेकीचे बोलणे पटले, असे पत्रावरून दिसते.

माई बोलल्या तशाच जगल्या. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७७ च्या भीषण दुष्काळात सत्यशोधक समाजाने भुकेल्यांना अन्न दिले, तेव्हा माईही त्या कामात होत्या. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. डॉक्टर झालेले दत्तक पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना काढला आणि माई रोग्यांना तिथे आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. नागाला दूध पाजणाऱ्या भावाला प्रश्न विचारणारी बाई शेवटी आपल्या लेकरांसाठी मेली, हे आपण विसरू नये.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुऊन काढले आणि बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. महापरिनिर्वाणाच्या वेळी अंगावर फुले पडली तेव्हाही ते म्हणाले, की तथागताचा खरा सन्मान फुलांनी होत नाही, धम्माप्रमाणे वागण्याने होतो. म्हणजे फुले वाहणे चूक नाही. पण फुले वाहून हात झटकले, तर पूजा अर्धीच राहिली.

मग मदत म्हणजेच पूजा, असे सरळ म्हणून टाकावे का? इथे आम्ही थोडे थांबतो. आपल्याकडे 'दरिद्रीनारायण' असा शब्द आहे. गरिबात देव बघा, असे त्याचे सांगणे. ऐकायला गोड वाटते. पण गरीब हाच देव झाला, तर भक्ताला तो कायम गरीबच लागणार! आपल्या वाडवडिलांनाही 'हरिजन' म्हणून देवाची माणसे केले, पण गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हते ते नव्हतेच.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेचे काम सुरू होत असताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना पत्र लिहिले. विहिरी, शाळा, गावची चावडी, वाहने यांचा हक्क मिळवून देण्यावर भर द्या, नोकरीत समान संधी द्या, असा त्यांचा आग्रह होता. उपकार नको, हक्क पाहिजे, हे त्याचे सार.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तातही हेच आहे. मोठा यज्ञ करू पाहणाऱ्या राजाला त्याचा पुरोहित सांगतो, की आधी शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे, मग राज्यातली चोरी-लूटमार आपोआप थांबेल. याच सुत्तात दानाच्याही वर त्रिसरण आणि शील यांना स्थान दिलेले आहे. दान देणारा घरात दारू पिऊन बायकोला मारत असेल, तर त्या दानाला काय किंमत?

दुसऱ्याला उभे करणारी मदत कशी असते, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तिथे सगळ्या जातींची पोरे एकत्र राहत, एकत्र जेवत. पोरांचे जेवण चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिले. पण पोरांना नुसते आयते खाऊ घातले नाही. श्रम करून शिकायची सवय लावली. कालचा भुकेला पोरगा उद्याचा मास्तर झाला, आणि त्याला कोणाच्या पाया पडावे लागले नाही.

म्हणून आमचे उत्तर असे. आपल्या धम्मात पूजा म्हणजे देवाला दिलेली लाच नाही आणि मदत म्हणजे पुण्याचा व्यापार नाही. ज्याला मदत केली तो माणूस म्हणून आपल्या बरोबरीला येऊन बसला, तर ती मदत ही तथागतांची पूजाच आहे. तो हात जोडून दारात उभाच राहिला, तर पूजा झाली ती फक्त आपल्या मोठेपणाची. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्या पुढे मैत्री सांगितली, ती उगीच नाही. करुणेत देणारा वर राहू शकतो. मैत्रीत दोघेही एकाच सतरंजीवर बसतात.

आपल्या तालुक्यात शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत. तिथे राहणारा भिक्खू भिक्षापात्र घेऊन गावात यायचा, गाव त्याला भाकरी द्यायचे आणि तो गावाला धम्म द्यायचा. देणे दोन्ही बाजूंनी होते. आपल्या विहारातही तसेच व्हावे. ज्याच्या घरी अडचण आहे त्याची चार माणसांत वाच्यता न करता मदत व्हावी. दहावी-बारावीच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला जागा मिळावी. ज्याने काल मदत घेतली त्याने उद्या दुसऱ्या पोराला शिकवावे. वर्धापन दिनाला फुले जरूर वाहू. पण नायगावच्या लेकीने भावाला विचारलेला प्रश्न वर्षातून एकदा आपल्यालाही विचारू या, की आपल्या पूजेत शेजारच्या माणसाला जागा आहे का?

नमो बुद्धाय! जयभीम! जय सावित्री!