आई की बाप? मुंबई बेटावरचे एक अनुमान

लालबागच्या एखाद्या चाळीत १९५६ पूर्वी गिरणीतला एक तरुण वारला असे समजू. बायको-मुले नाहीत, मागे आईबाप आणि स्वकष्टाची थोडी शिल्लक. वारस कोण? मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण येथे ‘मिताक्षरा’ व ‘व्यवहारमयूख’ यांत मतभेद असेल तिथे मयूख वरचढ मानला जाई. मयूखाप्रमाणे आधी बाप. सबब, बाप.

एवढ्यात कळते की कुटुंब रत्नागिरीचे. तिथे मिताक्षरा प्रमाण आणि तिच्या क्रमात आई आधी. स्थलांतर करणारे कुटुंब आपला कायदा सोबत आणते, असे न्यायालये गृहीत धरीत. सबब, आई. मग कोणी सिद्ध केले की त्या घराने मुंबईचा कायदा कधीच स्वीकारला होता, तर पुन्हा बाप! आधीची एकही माहिती खोटी ठरली नाही. केवळ भर पडत गेली, तरी निष्कर्ष दोनदा उलटला. गणिती तर्कशास्त्रात हे घडत नाही. तिथे गृहीतके वाढली तरी सिद्ध झालेले सिद्धच राहते.

या माघारी फिरणाऱ्या अनुमानाला, म्हणजे नॉन-मोनोटॉनिक तर्काला, १९८० साली रेमंड रायटर यांनी ‘डिफॉल्ट लॉजिक’ची चौकट दिली. त्यांच्या नियमाला तीन अंगे: पूर्वअट, विरोध नसल्याची खातरजमा आणि निष्कर्ष. ‘कुटुंब रत्नागिरीचे आहे, त्याने कायदा बदलला असे निघत नाही, म्हणून मिताक्षरा.’ खरी अडचण मधल्या अंगाची. विरोध नाही तो कशाशी? अजून पुरता न ठरलेल्या अंतिम निष्कर्षसंचाशी! म्हणून असा संच आधी कल्पायचा आणि नियम लावून नेमका तोच परत मिळतो का, ते पाहायचे. असे संच कधी दोन निघतात, कधी एकही नाही.

रॉबर्ट मूर यांनी १९८५ साली यातून एक निराळी जात वेगळी काढली. मला थोरला भाऊ असता तर मला ठाऊक असते. ठाऊक नाही, म्हणून नाही. हे सर्वसाधारण रीतीवरचे अनुमान नव्हे, स्वतःच्या ज्ञानाविषयीचे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातही त्याचे भावंड सापडते: जिवंत असता तर ज्यांच्या कानी स्वाभाविकपणे आले असते, त्यांनी सात वर्षे काही ऐकले नसेल, तर तो माणूस जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर. मूर यांच्या पद्धतीत मात्र एक फट राहते. ‘मी मानतो तर ते खरे’ एवढ्या एका वाक्यावर एखादी समजूत स्वतःच्याच आधाराने उभी राहू शकते. रायटर यांच्या चौकटीत ते जमत नाही. वारसाच्या दाव्यात आम्ही रायटर यांच्या बाजूचे.

मीमांसकांचा उत्सर्ग-अपवाद विचार याच्या किती जवळ आहे, हे पां. वा. काणे यांचे धर्मशास्त्रविषयक लेखन चाळताना जाणवते. गिरगावात राहणाऱ्या या वकील-पंडिताने १९२६ साली ‘व्यवहारमयूखा’ची आवृत्ती संपादिली. मयूखकार नीलकंठ भट्ट काशीचे, पण घराणे मूळ पैठणचे. म्हणजे त्यांचेही कुटुंब स्थलांतरितच.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा वाद मिटवला. आई पहिल्या वर्गात गेली, बाप दुसऱ्या.